नव्या गाडीचे सत्कार

मुरुडच्या स्टेशनातनं माज्याशिवाय गाडी हलत नव्हती. कारन मी शेंगांची पाटी उशाला घेऊन रुळात झोपलेलो असायचो, आन मला उठवल्याशिवाय डायवरला गाडी म्होरं घेता येत नव्हती.

छोटी गाडी व्हती ती. रूळ असे जवळजवळ, की माज्यासारखा बुटका आडवा झोपला तरी पाय भाईर यायचे. मिरजेकडनं निघायची, बार्शी करत मुरुडाला यायची आन पुढं लातूरला जायची. आता मी पोराकडं नांदेडला असतो. हितल्या गाड्या लांबलचक, डब्ब्यांची शेपूट संपता संपत न्हाई. पन गाडी आली तरी कुनी तिला रामराम करत न्हाई. आमच्या मुरुडात गाडीला रामराम करनारा मानूस व्हता. मन्मथअप्पा.

स्टेशनासमोर त्यांचं किराना दुकान. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. रुळावर कायबी नवं आलं, की अप्पा दुकान तसंच उघडं टाकून फलाटावर हजर. नवा डब्बा येऊ द्या, नवं इंजिन येऊ द्या, एकदा तर जुन्याच डब्ब्याला नवा रंग मारून आनला, तरी अप्पा तांब्या घेऊन गेले. चाकावर पानी घालायचे, इंजिनाच्या कपाळाला तीन बोटं भस्म वडायचे आन सुनेशी बोलावं तसं बोलायचे. "दमानं घे गं बाई. लांबनं आलीस. दमानं."

दमानं हा त्यांचा शब्द. गिऱ्हाईक साखर मागायला आलं की दमानं. पोरगं पळालं की दमानं. एकदा मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवरनं घसरून थेट रस्त्यावर बसलो, तवाबी ते आतनं म्हनले, "दमानं पड की."

आता ह्या मानसाचं एक दुखनं व्हतं, ते सांगतो. सगळ्या गावाला म्हाईत व्हतं, पन त्यांच्या तोंडावर कुनी काढत नव्हतं.

अप्पांना एकच लेक, गंगा. मोठ्या दुष्काळात तिचं लगीन झालं. हिरी कोरड्या, पानी बैलगाडीनं लांबनं आनलेलं. वऱ्हाड बार्शीचं, तालेवार लोक. इहिनीमानाचं सगळं बरोबर चाललं व्हतं. मग इह्याचे, म्हंजे जावयाच्या बापाचे, पाय धुयाची येळ आली. इह्यांनी पाटावर पाय ठिवले. अप्पांनी तांब्याकडं बघितलं, पंगतीकडं बघितलं, आन इह्याचे पाय वल्ल्या फडक्यानं पुसले. नुसते पुसले असते तरी निभावलं असतं. पन त्यांनी ते फडकं तिथंच बेलाच्या झाडावर पिळलं आन इह्याला म्हनले, "दमानं, दुसरा पाय पुसू द्या."

इही उठून हुबा राहिला. म्हनला, "ज्या घरात पाय धुयाला पानी न्हाई, त्या गावच्या मातीला माज्या सुनंचा पाय लागनार न्हाई."

आन न्हाई लागला. गंगीची आई गेली तवाबी न्हाई. अप्पा एकलेच राहिले.

पन देव कुठं ना कुठं फट ठेवतो. जावई भला मानूस. म्हैन्याला, आवसेच्या दिवशी, तो लातूरच्या मोंढ्यात मालाला यायचा आन गंगीला देवाचं निमित्त काढून संगं आनायचा. गाडी आमची कोळशाची. मुरुडला आली की इंजिनाला पानी पाजायला थांबायची, आन ते इंजिन म्हशीसारखं दमादमानं प्यायचं. तेवढा येळ अप्पा डब्ब्यात जाऊन लेकीसमोर बसायचे. तिचा पाय डब्ब्याच्या फळीवर, म्हंजे मातीला काय लागत न्हाई. इह्याचा शब्दबी राहिला. जावई "च्या घेतो" म्हनून खाली उतरायचा. आन च्या पीतच नव्हता तो. माज्या शेंगा घेऊन लिंबाखाली हुबा राहायचा.

अप्पा लेकीसाठी घरचं पानी न्यायचे, तांब्यात, वर फुलपात्र पालथं. ती सगळं प्यायची. लई बोलायचे न्हाईत. एकदा मी शेंगा इकायच्या निमित्तानं डोकावलो तर दोघं वांग्याच्या भाजीवर बोलत व्हते. मला वाटलं काय तरी रडारड असंल. मीच रडायची तयारी करून गेलो व्हतो.

मग लातूर जिल्हा झाला. लई गाजावाजा. आन त्याच साली बातमी आली, की आपल्या लायनीवर नवं इंजिन येनार. तेलावरचं. धूर न्हाई, कोळसा न्हाई, पानी न्हाई. गाडी मुरुडला थांबनार ती मान्सं चढेपतुर, की लगेच शिट्टी.

सगळं गाव खूस. मीबी खूस. मी पळत अप्पाकडं गेलो, "अप्पा, पेढे द्या, नवं इंजिन येतंय, पानी लागत न्हाई त्याला."

अप्पा गूळ तोलत व्हते. तराजू तसाच हातात राहिला. म्हनले, "पानीच लागत न्हाई?"

"थेंबभर न्हाई."

"मग थांबंल कशाला ते?"

माजं डोकं मंद. घरी जाऊन जेवलो, हात धुताना ध्यानात आलं आपन काय बोलून आलो. तसाच खरकट्या तोंडानं परत गेलो. अप्पा पायरीवर बसलेले. मी म्हनलं, "अप्पा, मी रुळात झोपून राहतो. मला सवय हाय."

"तुला वडून बाजूला टाकतील रे," अप्पा म्हनले. मग रुळाकडं बघून म्हनले, "पन सत्कार चालला असला तर शिट्टी कोन मारंल?"

असं सुरू झालं ते.

पहिल्या आवसेला नव्या गाडीचा सत्कार. अप्पांनी इंजिनाला हार घातला, भस्म वडलं, शाल आनली, नारळ आनला. आन मला म्हनले, "तू भाषन कर."

मी शाळेत एकदाच गेलेलो, शेंगा इकायला. पन मला कुनी बोल म्हनलं की मी थांबत न्हाई, थांबायचं कसं ते मला कुनी शिकवलंच न्हाई. मी चढलो गोन्यांच्या थप्पीवर. म्हनलं, "बंधू-भगिनींनो, ही गाडी आपल्या नव्या जिल्ह्याची सून हाय. हिला सांभाळा. हिच्यावर थुंकू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा तवर मागच्या डब्ब्यात गंगीसमोर बसले व्हते.

पुढल्या आवसेला डायवरचा सत्कार. डायवर रहीमभाई, उदगीरचा, मोठ्या मिश्या, बोलनं कमी. त्याच्या पुढल्या आवसेला गार्डाचा. मग झेंडीवाल्याचा. मग कोळसा टाकनारा व्हता जुना, त्याला आता काम राहिलं नव्हतं, नुसता बसून यायचा. त्याचा सत्कार केला तर तो ढसाढसा रडला. म्हनला, इंजिन बदलल्यापासून मला कुनी इचारलंच नव्हतं. तवर आम्हालाबी म्हाईत नव्हतं की त्याचा सत्कार खरोखरच करायला पायजे व्हता.

मान्सं संपली. मग जिल्हा झाल्याबद्दल गाडीचं अभिनंदन. मग सगळ्यात म्हाताऱ्या प्रवाशाचा सत्कार. त्यात दोन म्हाताऱ्यांची मी थोरली मी थोरली म्हनून जुंपली, ती आवस आमची लई छान गेली.

शाल एकच व्हती. रहीमभाईनं आपल्या अंगावर घातलेली शाल घडी करून परत दिली, नारळबी दिला. म्हनला, "रख लो अप्पा, म्होरच्या आवसेला लागंल." मला वाटलं, मानूस गरीब स्वभावाचा हाय, त्याला मानपान आवडत न्हाई.

आन हितं माजं डोकं फिरलं. मला वाटाया लागलं, गाडी माज्या भाषनासाठी थांबती. प्रवासी खाली उतरायचे, बिड्या वडायचे, पोरांना मुतवायचे, आन मला वाटायचं ऐकाया उतरले. मी घरी आरशासमोर हात हलवायची सवय करू लागलो. बायको म्हनली, "गाडी रुळाला बांधलेली असती म्हनून थांबती. तुमचा आवाज ऐकून म्हस दावं तोडती." मी म्हनलं, तुला काय कळतंय वक्तृत्वातलं.

त्या दिसात अप्पांना खोकला लागला व्हता. दुकान अर्धा दिवस बंद राहायचं. कानालाबी कमी येऊ लागलं व्हतं. तरी आवसेला धोतर पांढरं, तांब्या घासलेला. पन आता त्यांना डब्ब्याची उंच पायरी चढवंना. ते खाली फलाटावर हुबे राहायचे, गंगी खिडकीतनं वाकायची, आन तांब्या वर जायचा.

अशाच एका आवसेला मी कमाल केली. शेजारच्या गावात चार दिसांमागं लगीन झालं व्हतं, तिथला भोंगा मी मागून आनला. मला वाटलं, अप्पांसाठी आपन कायतरी करावं, आजचा सत्कार गाजला पायजे. कुनाचा सत्कार व्हता ते आता आठवत न्हाई. बहुतेक फलाटावरच्या लिंबाचा. भोंगा बांधला तो नेमका गंगीच्या डब्ब्यासमोर, कारन सावली तिथंच व्हती.

आन मी सुरू झालो. लातूर, जिल्हा, गाडी, लिंब, लिंबाचे उपकार. भोंग्यातनं आवाज असा निघत व्हता की मलाच माजा आदर वाटाया लागला. तिकडं बघितलं तर अप्पा खिडकीखाली हुबे, कानामागं तळवा धरलेला. मला वाटलं, म्हाताऱ्याला भाषन नीट ऐकायचंय. मी आनखी जोरात घेतलं. गंगी खिडकीतनं वाकून कायतरी म्हनत व्हती. अप्पा मान हलवायचे, परत तळवा कानामागं धरायचे. ती परत म्हनायची. जावई लिंबाखाली हुबा, शेंगा हातात तशाच, मला खुनावत व्हता. मला वाटलं, वाहवा करतोय. मी त्याला हात जोडले.

तेवढ्यात रहीमभाई इंजिनातनं उतरला. दमादमानं चालत आला, मिश्या पुसत. मी म्हनलं, आज हा स्वतःहून चार शब्द बोलनार. मी बाजूला सरकलो आन भोंग्याचं बोलायचं बोंडूक त्याच्या म्होरं केलं. त्यानं ते माज्या हातातनं घेतलं, मागची वायर उपटली, आन बोंडूक गोनीवर ठिवलं. भोंगा बंद पडला.

"गाडी तुज्या भाषनानं थांबत न्हाई," तो म्हनला, "मी थांबवतो म्हनून थांबती. पोरगी कवापासनं इचारून राहिली, बाप जेवला का म्हनून, आन त्याला ऐकू येईना तुज्या बोंबलन्यात. चूप बस."