डाव्या हाताचा पीळ

मुनीरमामू कुणाच्याही घरी वायरिंगच्या कामाला आले, की पहिल्यांदा मेन फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात टाकत आणि खिशाला सेफ्टी पिन लावत. फ्यूज नुसता काढून ठेवला, तर घरातलं कुणीतरी शहाणं तो परत लावतं आणि स्टुलावरचा माणूस जिवाला मुकतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा शेजारच्या कुलकर्ण्यांचं काम अर्धवट टाकून ते नमाजाला गेले आणि तिथून तसेच पैठणच्या एस्टीत बसले. भाचीची सोयरीक होती. फ्यूज खिशात. कुलकर्णी मंडळींनी दोन दिवस कंदिलावर काढले. परत आल्यावर मामूंनी माफी मागितली नाही. "अंधारात होते, पन जिंदा होते ना?" एवढंच विचारलं.

शहागंजच्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांचं वायरिंग निजामाच्या काळातलं. भिंतीवर लाकडी पट्ट्या, त्यांच्या आत कापडी वेष्टणाच्या वायरी, पितळी टोपीची बटणं. मामू पट्टी उघडत, आत जुना जोड दिसला की चष्मा कपाळावर चढवत आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "ये किसकी करामत है?" मग त्या जोडणाऱ्याचा, त्याच्या उस्तादाचा आणि उस्तादाच्या उस्तादाचा उद्धार व्हायचा. त्यांच्या मते शहरात वायरमन एकच होता. बाकीचे भाजी विकायचे सोडून चुकून या धंद्यात आले होते.

आईला शिलाई मशीनवर दिवा हवा होता. त्या कोपऱ्यात भर दुपारीसुद्धा सुईचं नाकं दिसायचं नाही. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत असे. त्या गुर्मीत मीच भिंतीवर ब्रॅकेट ठोकला आणि स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या वायरीतून जोड घेतला. नवा दिवा लागला, पण तो लागताच स्वयंपाकघरातल्या दिव्याने मान टाकली. दोन्ही दिवे मिणमिणत राहिले. आईने तीन दिवस माझ्या विज्ञानाची वाट पाहिली आणि मग मला न विचारता मामूंना निरोप धाडला.

मामूंनी माझं काम निरखलं. माझी सगळं ऐकून घ्यायची तयारी होती, पण त्यांनी जोड पास केला. "मास्तर, किताबातली बिजली गरीब असती," ते म्हणाले, "घरातली नसती." दोष मागं कुठंतरी आहे, असं त्यांनी ठरवलं आणि होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब घेऊन ते मीटरपासून निघाले. पट्टी उघडायची, खिशातून फ्यूज काढून लावायचा, बल्ब टेकवून पाहायचा, फ्यूज परत खिशात, पुन्हा सेफ्टी पिन. असं करत तासाभरात आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलो. दाराच्या अलीकडं बल्ब लख्ख, पलीकडं मंद. म्हणजे खोट दाराच्या वरच होती.

मी स्टूल धरलं. मामूंनी वर चढून पट्टी काढली. आत काळा पडलेला, सैल जोड. चष्मा कपाळावर गेला. आता तो प्रश्न येणार म्हणून ओट्याशी उभी असलेली आईही हसू दाबत होती. प्रश्न आलाच नाही. मामूंनी त्या जोडावरून सावकाश बोट फिरवलं आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "पीळ उलटा हाय. डाव्या हाताचा. नासिरचा हाय हा."

नासिर त्यांचा धाकटा भाऊ. मामूंनीच त्याला काम शिकवलं आणि मामूच एका कच्च्या जोडावरून भर गल्लीत, चार लोकांसमोर, त्याला नाही नाही ते बोलले. पोलीस ॲक्शननंतरचे दिवस होते. ओळखीची काही माणसं कराचीला निघाली होती. नासिरने पक्कड खाली ठेवली आणि त्यांच्याबरोबर गेला. पुढं दोनेक वर्षं अम्मीच्या नावानं पत्रं येत. मामूंच्या नावानं एकही आलं नाही. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मामूंसमोर तो विषय कुणी काढत नसे.

त्यांनी तो जोड कापला, नवा केला, पट्टी बसवली. दोन्ही दिवे लख्ख लागले. तोवर दारात दोन शेजारणी येऊन उभ्या होत्या, कारण मामूंचं काम म्हणजे फुकटचा तमाशा. आईने सहज विचारलं, "मुनीरभाई, तो जोड केला होता तरी कुणी?"

मामू हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माझाच होता, वैनी. घाईत केला. कच्चा राह्यला."

मी तोंड उघडणार होतो, पण त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी स्टूल उचलून जागेवर ठेवायला गेलो. मला त्या माणसाची इतकी माया कधीच आली नव्हती.

संध्याकाळपर्यंत सगळीकडं बोभाटा झाला की खुद्द मुनीरमामूंचाच जोड निकामी निघाला. लोकांना आयतं कोलीत मिळालं. पुढं कितीतरी वर्षं चौकात कुणी ना कुणी त्यांना अडवून विचारायचं, काय मामू, मास्तरांच्या घरी काय झालं होतं? चारचौघांत एरवी कुणाचं ऐकून न घेणारे मामू तिथं थांबायचे आणि शांतपणे म्हणायचे, "गलती हो गई." ज्याला हे सांगायचं होतं तो कराचीत होता. म्हणून मामू विचारील त्याला सांगत राहिले.