मारोतरावांचे ब्रेकचे शेअर

औंढ्यात नागनाथाच्या देवळाकडे जाताना डाव्या हाताला मारोतरावांचं नारळ-बेलफुलांचं दुकान लागतं. तिथून नारळ घेतलात, तर सुट्टे परत देण्याआधी ते तुमच्याकडे डोळे बारीक करून बघतील आणि विचारतील, "इकू का ठेवू?"

परगावचा भाविक घाबरतो. त्याला वाटतं, नारळाचंच काहीतरी विचारून राहिले. एक म्हातारा तर म्हणाला होता, "इकाच की, मी त्यासाठीच आलोय."

मारोतराव शेअरबद्दल विचारत असतात. पुण्याकडे गाड्यांचे ब्रेक बनवणारी एक कंपनी आहे, तिचे थोडे शेअर त्यांनी घेऊन ठेवलेत. एकाच कंपनीचे. लोक दहा ठिकाणी पैसे घालतात, तसं यांनी केलं नाही. आणि घेतल्या दिवसापासून या माणसाच्या जिवाला स्वस्थता नाही.

माझं बांगड्यांचं दुकान त्यांच्या शेजारी. मधे फक्त एक पत्रा. त्यामुळे शेअर बाजार म्हणजे काय हे मला न शिकता कळायला लागलं. सकाळी बाजार उघडायच्या सुमाराला पत्र्यापलीकडचं नारळ फोडणं थांबतं. मोबाइल नारळाच्या ढिगाला टेकवून ठेवलेला. मग आवाज येतो, "ताई, बसला हो जरासा."

'पडला' हा शब्द बाजार चालू असताना त्यांच्या दुकानात चालत नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "तिकडं काल पाऊस पडला," की हे लगेच, "आला म्हणा, आला." एकदा ढिगावरून नारळ घरंगळला, तर दुपारपर्यंत तोंड उतरलेलं.

लाल रंगाचंही तसंच. मोबाइलवर भाव उतरला की आकडा लाल होतो, म्हणून लाल रंग वाईट. एका सकाळी येऊन मला म्हणतात, "ताई, बांगड्या तेवढ्या मागं ठेवता का? लाल लाल समोर दिसून राहिल्या."

"भाऊ, लग्नसराई हाय. लाल बांगड्या मागं ठेवून मी इकू काय?"

"बराबर हाय तुमचं. मंग हिरव्या तरी जास्त लावा."

लावल्या. काय करणार? बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात एकटे. एक मुलगी, शीतल, इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागलेली. तिचा फोन यायचा तोही स्पीकरवर, मी पत्र्यातून ऐकलेला. "जेवलात?" "जेवलो." "तब्येत?" "बरी हाय." "ठेवू?" "ठेव." संपलं. एरवी 'ठेवू' या शब्दावर दिवसभर काथ्याकूट करणारा माणूस तिथे मात्र एका क्षणात निर्णय द्यायचा.

मी त्यांना लोभी समजत नव्हते, पण भित्रे जरूर समजत होते. विकायची हिंमत नाही, ठेवायचाही धीर नाही. सल्ला सगळ्यांचा घ्यायचा आणि ऐकायचा कुणाचाच नाही.

मग यंदा उन्हाळ्यात ती कंपनी खरोखरच घसरली. गाड्यांची मागणी कमी झाली म्हणे. एका सकाळी बातमी आली की कंपनीनं एक पाळी बंद केली, कंत्राटी माणसं घरी बसवली. मारोतरावांचा चेहरा खोबऱ्यासारखा पांढरा. बेलाच्या जागी दुर्वा दिल्या एका बाईला.

नेमका त्याच दिवशी मुंबईचा एक गृहस्थ दर्शनाला आला. शेअरच्याच धंद्यातला निघाला. त्यानं मोबाइल हातात घेतला, बोटानं वरखाली केलं आणि म्हणाला, "काका, आजच विका. हा अजून खाली जाणार. थांबायचं काही कारणच नाही."

"व्हय?" मारोतराव म्हणाले. कपाळावर घाम. बोट मोबाइलवर धरलं. मीही दुकान सोडून बघायला आले. गृहस्थ म्हणाला, "दाबा, काका." यांनी डोळे मिटले, उघडले, काहीतरी दाबलं आणि मोबाइल उपरण्यात गुंडाळून ठेवला. गृहस्थ समाधानानं देवळाकडे गेला.

"सुटलात बघा भाऊ," मी म्हणाले.

"न्हाई ताई. आणिक घेतले."

मला राग आला. "डोकं फिरलं का तुमचं? तो माणूस एवढं कळवळून सांगून गेला, अन् तुमी आणिक घेतले? काहून?"

ते बराच वेळ बेलाची पानं सारखी करत बसले. मग हळूच म्हणाले, "शीतल हाय तिथं."

"कुठं?"

"त्याच कंपनीत. नोकरी लागली तवाच घेतले मी शेअर. भाव वर असला की वाटतं, लेकरू सुखात हाय. खाली बसला की घास उतरत न्हाई. आता लोकं काढून राहिले. त्यात म्या बी इकलं तर आणिक खाली जाईल. अन् सायबाच्या ध्यानात आलं, की हिच्या बापानंच इकलं, तर?"

मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते कुठे ठेवावं कळेना. त्यांच्या मूठभर शेअरनं तिथला पंखासुद्धा हलला नसता. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"अहो, मंग तिला फोन करून विचारा ना, नोकरी हाय का न्हाई!"

"असं कसं विचारावं? तिला वाटंल, बाप भरवसा ठेवत न्हाई."

शेवटी मीच त्यांच्या मोबाइलवरून फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्यापुढे धरला.

"बाबा? काय झालं? तब्येत बरी ना?" शीतल घाबरलेली. या वेळेला त्यांचा फोन कधी गेलाच नव्हता.

"बरी हाय. तुहं... काम चालू हाय ना? लोकं काढले म्हणे."

"त्या कंपनीत? बाबा, मी ती मागंच सोडली. दिवाळीच्या आधी. आता दुसरीकडं आहे, चांगलं चाललंय."

मारोतरावांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्ही विचारलं कुठं? जेवलो म्हणता, ठेव म्हणता, मी ठेवते."

मारोतराव म्हणाले, "नवीन कंपनीचा शेअर मिळतो का?"

"नाही हो, लहान कंपनी आहे. तिचे शेअर बाजारात नाहीत."

"न्हाईत?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंग तुहं कसं चाललंय, ते मला कसं कळावं?"

शीतल म्हणाली, "मला विचारा ना, बाबा."

समोर एक गिऱ्हाईक नारळ मागत उभं होतं. मारोतरावांनी त्याला हातानंच माझ्याकडे पाठवलं, स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि नारळाच्या पोत्यावर पाठमोरे बसले. मी नारळ निवडत होते तेव्हा ते चाचरत, अनोळखी माणसाशी बोलावं तसं विचारत होते, "मंग... डब्यात काय नेतीस तू?"