अर्धा रस्ता रामटेकचा

मधुकरराव डाखोळ्यांनी नागपूरच्या खासदारकीच्या उमेदवाराला घरी नाश्त्याला बोलावलं, ते केवळ रस्त्यासाठी. मुलगी भूमिका हिचं लग्न भर शहरातल्या, धरमपेठेतल्या घरात ठरलं होतं. बोलणी करायला आलेल्या व्याह्यांची गाडी दारासमोरच्या खड्ड्यात अशी बसली, की समोरच्या धम्मदीप मेश्रामनं चार माणसं लावून ती बाहेर काढली. व्याही घाम पुसत म्हणाले, "तुम्ही नागपुरातच राहता ना जी?"

तो 'ना' मधुकररावांना फार लागला. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर शहराला लागून असलेल्या या लेआउटमध्ये त्यांनी घर बांधलं होतं, ते पत्त्यात 'नागपूर' लिहिता यावं म्हणूनच.

बायको वच्छलाबाईंनी पातेलंभर तर्री-पोहे केले. शिवाय धम्मदीपच्या बायकोनं, नंदिनीनं मेदूवडे करून आणले. उमेदवार खाता खाता म्हणाले, "लग्नाच्या आधी सिमेंटचा रोड. माझा शब्द."

एवढ्यात एका कार्यकर्त्यानं विचारलं, "काका, मतदान कोणत्या शाळेत असते तुमचं?"

मधुकररावांनी शाळा सांगितली. कार्यकर्ता उमेदवाराच्या कानाशी लागला. हातातला वडा प्लेटमध्ये परत गेला.

"काका, तुम्ही तं रामटेक मतदारसंघात येता."

"कोराडीले होतो तवा होतो गा," मधुकरराव म्हणाले. "आता नागपूरले आलो ना."

धम्मदीपनं तोच वडा उचलून दाखवला. "काका, हे मधातलं भोक म्हणजे नागपूर शहर. भवतालचा वडा सारा रामटेक. काटोलचे संत्रे, उमरेडचा कोळसा, हिंगण्याचे कारखाने, कोराडी, कन्हान, सारं वड्यात."

"आन् आपण?"

"मी भोकात. तुम्ही वड्याच्या काठावर. हद्द आखली तवा इथं तुरीचं वावर होतं. रेघ वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून गेली. मंग त्या धुऱ्याचाच रस्ता झाला."

उमेदवार उठले. त्यांच्यामागे सारी मंडळी उठली आणि रस्ता ओलांडून धम्मदीपच्या अंगणात जाऊन बसली. खुर्च्या मधुकररावांच्याच होत्या, त्याही गेल्या.

"आवो, पोहे परत मागू का त्यायले?" वच्छलाबाईंनी विचारलं.

पोहे परत मागता येईनात, पण नव्यानं करता येत होते. दोनच दिवसांनी रामटेकचे उमेदवार मधुकररावांच्या अंगणात जेवले. त्यांनीही शब्द दिला. पुढे दोघंही निवडून आले.

दिवाळीपर्यंत रस्ता झाला, पण अर्धाच. धम्मदीपच्या बाजूनं चकचकीत सिमेंट, हातभर उंच. मधुकररावांच्या बाजूला होते ते खड्डे होतेच. वर सिमेंटच्या काठामुळे अडलेलं सांडपाणीही आता त्यांच्याच दारात साचू लागलं. "तुमचा अर्धा मंजूर झाला समजा," एवढं उत्तर मात्र रामटेकहून नेमानं येई.

लग्न तोंडावर आलं. धम्मदीप म्हणाला, "काका, मंडप माह्या अंगणात टाका."

"पोरीचं लगन दुसऱ्याच्या दारात करू?"

"मंग नवरदेव पोहत येईन का जी?"

मधुकरराव दोन दिवस धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी स्वतःच मंडपाचे बांबू घेऊन रस्त्यापलीकडे गेले.

वरात सिमेंटवरून नाचत आली. नंदिनीनं नवरदेवाला ओवाळलं. जेवणं चांगली झाली, व्याही कशालाच नावं ठेवू शकले नाहीत. पाठवणीच्या वेळी वच्छलाबाई हमसून रडू लागल्या.

"रडून काहून राहिली वं," मधुकरराव म्हणाले. "आपण नाही तं नाही, पोरगी तं नागपूरची झाली."

व्याही जवळच उभे होते. ते जरा घुटमळले. "तसं नाही जी. पोरानं शहराबाहेर बेसाकडे फ्लॅट घेतला. दोघं तिकडेच राहतीन."

मधुकररावांनी धम्मदीपकडे पाहिलं.

"रामटेकात येते, काका," धम्मदीप हळूच म्हणाला.

मधुकररावांनी डोळे पुसले. भूमिकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदाच मोकळेपणी हसले.

"म्हणजे आपल्यातच दिली," ते वच्छलाबाईंना म्हणाले. "चाल, आता जेवून घेऊ."