बिट्टीचं चालू वय

पाच वर्षांखालच्या मुलांना मत्स्यालयात प्रवेश मोफत असे, आणि बिट्टी सहा पूर्ण करून सातव्यात होती. परिस्थिती एवढी सरळ होती. तिच्यात कुठे वाकडं शिरायला जागा नव्हती.

बिट्टीचे वडील वजनमापे निरीक्षक होते. वाकडं शोधणं हाच त्यांचा पेशा. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेली वजनं, तळाला पत्रा ठोकून उथळ केलेली मापं, काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ते बाजारात शिरले की दुकानदार आपसूक दोन दाणे जास्त टाकत. बाजाराने त्यांचं नाव 'काटासाहेब' ठेवलं होतं. ते चिडवण्यासाठी ठेवलंय हे त्यांना ठाऊक होतं, पण मनातून आवडत असे.

तर काटासाहेब रविवारी बिट्टीचा हात धरून रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढच्या गृहस्थाने मुलाला कडेवर घेतलं होतं. कडेवर म्हणजे, मुलाचे पाय जमिनीला टेकत होते. त्या बाळाला मिसरूड फुटायला लागलं होतं.

"हा किती वर्षांचा?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"तीनचा. अंगाने जरा भरलाय."

"जा आत."

काटासाहेबांच्या मनात काहीतरी हललं. प्रश्न पैशांचा नव्हता. असा प्रश्न कधीच पैशांचा नसतो, तो तत्त्वाचा असतो. अख्खं जग तीनचं असताना आपण एकट्यानेच सहाचं का राहायचं?

"हिचं वय?"

"चार," काटासाहेब म्हणाले. पुढच्यापेक्षा आपण एक वर्ष जास्तच सांगितलं, याचं त्यांना आत जाताना समाधानही वाटलं.

आत निळसर अंधार होता. बिट्टी काचेला नाक लावून एका लांबलचक माशापुढे थांबली आणि शेजारची पाटी खणखणीत आवाजात वाचू लागली. "हा मासा आपल्या शरीरात वीज निर्माण करतो. कृपया काचेवर टकटक करू नये. मासा चिडल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही."

पहारेकरी वळला. बिट्टीच्या गळ्यात खिडकीवर मिळालेलं 'शिशू' असं लिहिलेलं पिवळं कार्ड होतं.

"काय गं, किती वर्षांची तू?"

बिट्टीने वडिलांकडे पाहिलं. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. म्हणून तिने नीट चौकशी केली. "बाबा, आत्ता मी किती वर्षांची आहे?"

"चार," काटासाहेब म्हणाले. दुसऱ्यांदा तो शब्द उच्चारायला बराच सोपा गेला.

"आत्ता मी चार वर्षांची आहे," बिट्टीने पहारेकऱ्याला कळवलं.

पहारेकऱ्याने धावत जाऊन व्यवस्थापिकाबाईंना आणलं. बाई काळजीत होत्या. ज्याला बघायला गर्दी लोटायची ते म्हातारं कासव गेल्याच महिन्यात वारलं होतं आणि तेव्हापासून गर्दी निम्म्यावर आली होती. त्यांनी बिट्टीकडून आणखी दोन पाट्या वाचून घेतल्या. एका टाकीतले मासे मोजून दुसऱ्या टाकीतल्या माशांत मिळवायला सांगितले. बिट्टीने मिळवले. मग खाली बसून तिने बुटाची सुटलेली नाडी बांधली.

"नाडी!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चौथ्या वर्षी! फोटोवाल्याला बोलवा रे कुणीतरी!"

इथे काटासाहेबांना बोलता आलं असतं. 'बाई, ती सहाची आहे, नाडी यायलाच हवी' एवढं वाक्य पुरे होतं. ते जिभेवर आलंही. पण भोवती माणसं जमली होती, टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्या चालू असताना मध्येच बोलणं शिष्टाचाराला धरून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती: 'चार वर्षांची मत्स्यपंडिता!' खाली फोटो. फोटोत बिट्टी, मासा आणि काटासाहेब. तिघांपैकी फक्त मासा अवघडलेला नव्हता.

काटासाहेबांच्या बायकोचं शिवणकामाचं दुकान होतं. तिने तोंडातल्या टाचण्या काढून बातमी वाचली. "अहो, हे काय? चार वर्षांपूर्वी ही जन्माला आली म्हणता, तर मग तेव्हा मी जिच्यासाठी फ्रॉक बेतत होते ती कोण?"

"छापण्यातली चूक असेल."

"फोटोतल्या कार्डावर शिशू लिहिलंय. ते पण छापण्यातच चुकलं का?"

आजी, म्हणजे काटासाहेबांची आई, कोपऱ्यातून म्हणाली, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? बसमध्ये ज्येष्ठांचा पास मिळावा म्हणून मी माझं वय पाच वर्षं पुढे नेलं. ह्याने हिचं थोडं मागे आणलं. घराची सरासरी बिघडली का? नाही ना? मग झालं तर."

बायकोने सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि टाचण्या परत तोंडात घेतल्या. बोलू नये असं वाटलं की ती तसंच करत असे.

कचेरीत साहेबांनी पेढा नाही, पण चहा पाजला. "आपल्या खात्याचं नाव काढलंत! नेमकेपणा रक्तातच असतो बघा." आता खरं सांगणं म्हणजे माप मारल्याची कबुली देणं होतं. त्याच गुन्ह्यासाठी काटासाहेब स्वतः आठवड्यातून एखादं दुकान बंद करत. त्यांनी चहा संपवला.

मग घरी बालप्रतिभा मंडळाचे अधिकारी आले. माणूस अत्यंत सभ्य होता. चपला बाहेर काढून, मांडीवर बॅग घेऊन बसला. काटासाहेबांना वाटलं, आता आपली सुटका झाली. कागदपत्रं मागतील आणि सगळं उघड होईल. त्यांनी जन्मदाखला स्वतःहून पुढे केला.

अधिकाऱ्यांनी तो वाचला. "यात चूक आहे."

"चूक?"

"याप्रमाणे मुलगी सहाच्या वर जाते. तुम्ही तर मत्स्यालयात चार सांगितलंत."

"हो, पण दाखला..."

"दाखला जुना आहे. जन्माच्या वेळचा. तुमचं निवेदन ताजं आहे. आमच्याकडे नेहमी ताजी माहिती ग्राह्य धरतात. काळजी करू नका, दाखला आम्ही दुरुस्त करून घेऊ."

"आणि समजा," काटासाहेबांनी घसा खाकरला, "समजा निवेदनच चुकलेलं असलं तर?"

"तसं कसं होईल? सख्खा बाप स्वतःच्या मुलीच्या वयाबद्दल खोटं का बोलेल? तेही इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी?"

काटासाहेबांनी दाखला त्यांच्या बॅगेत जाऊ दिला.

दाखला दुरुस्त झाला. त्यासरशी पुढचं सगळं नियमाने होत गेलं. चार वर्षांचं मूल पहिलीत बसणं बेकायदा असल्यामुळे शाळेने बिट्टीला शिशुवर्गात पाठवलं. तिथे रंगीत खुर्च्या होत्या. बिट्टी खुर्चीत बसली की तिचे गुडघे हनुवटीला लागत. दुपारी सगळ्यांना सक्तीने झोपवत. बिट्टीला झोप येत नसे. छताकडे बघत ती वरच्या मजल्यावरचा आपला वर्ग ऐकत पडे. पहिलीच्या वर्गात तिच्या बाकावर, तिच्या जागी, आता दुसरीच मुलगी बसत होती. मधल्या सुट्टीत जिवलग मैत्रीण भेटली तेव्हा म्हणाली, "आई म्हणते, तू आता लहान झालीस. लहान मुलींना आमच्या खेळात घेत नाहीत."

बिट्टीचा पुढचा दात पडला तेव्हा मंडळाने खास पत्रक काढलं. चौथ्या वर्षी दात! दातांचे डॉक्टर दोन गावांवरून येऊन तोंडात डोकावून गेले.

एक मात्र झालं. बिट्टीने नवीन वय मनापासून स्वीकारलं. ताट पुढे आलं की ती हात बांधून बसे. "मी चारची आहे. मला भरवा." बूट घालायला पाय पुढे करी. बाजारातून येताना रस्त्यात थांबे. "मला कडेवर घे, बाबा. चारच्या मुली एवढं चालत नाहीत."

काटासाहेब तिला उचलून घेत. ती पोर चांगलीच जड होती. ती किती वर्षांची आहे हे त्यांची कंबर रोज त्यांना सांगत असे.

मग तिचा वाढदिवस आला. सातवा. केक मंडळाकडून आला, त्यावर पाच मेणबत्त्या होत्या. पाहुणे गाणं म्हणून थांबले. बिट्टी फुंकेना.

"फुंक गं, बाळ," अधिकारी म्हणाले.

"ह्यात दोन कमी आहेत."

"अगं, आता तू पाच..."

"मला सहावं आठवतंय," बिट्टी म्हणाली. "सहाव्यात मला पोहायला आलं. सहाव्यात मी आणि आईने पडदे शिवले. पाचव्यात माझा हात मोडला होता. ते कुठे गेलं सगळं? बाबा, माझी दोन वर्षं कुणी घेतली?"

मेणबत्त्या वितळून केकवर मेण सांडायला लागलं. काटासाहेबांनी आयुष्यभर माप मारणाऱ्यांना एकच प्रश्न विचारला होता, 'उरलेला माल कुठे गेला?' आज त्यांच्याही तोंडून दुकानदारांसारखाच आवाज निघाला. म्हणजे निघालाच नाही. बायकोने पुढे होऊन मेणबत्त्या विझवल्या आणि ती बिट्टीला घेऊन आत गेली.

हे इथवर थांबलं असतं, तर काटासाहेबांनी बहुधा सहन केलं असतं. माणूस दुसऱ्याचं दुःख बरंच सहन करू शकतो. पण बातमी पसरली तसं गावात प्रतिभेचं पीक आलं. शेजारच्या पेठेत तीन वर्षांचा एक मुलगा निघाला, जो भागाकार करत असे आणि ज्याचा आवाज फुटत चालला होता. त्याच्यामागोमाग दोन वर्षांचा एक निघाला, जो एकटा सायकलवरून मंडळाच्या कचेरीत आला आणि पाण्याचा ग्लास मागून म्हणाला, "चढावर गुडघे दुखतात हल्ली." मंडळाने त्यालाही दाखल करून घेतलं. ताजं निवेदन होतं.

अधिकारी काटासाहेबांकडे आले, तेच सभ्य हसू घेऊन. "महिनाअखेर संमेलन आहे. पहिला मान आम्हाला बिट्टीलाच द्यायचाय. पण स्पर्धा बघता पाच जरा जास्त होतं. दीडवर आणता येईल का?"

"दीड?" बायको म्हणाली.

"फक्त संमेलनापुरतं."

बायको उठली. मापाची टेप गळ्यातून काढून तिने टेबलावर ठेवली. "साहेब, रोज माझ्याकडे बायका येतात. कंबर कमी लिहा म्हणतात. मी लिहिते. पण झंपर मी खऱ्या मापाचाच बेतते, नाहीतर तो अंगावर उसवतो. ह्या पोरीचं गेले कित्येक दिवस सगळीकडून उसवतंय. ह्यांना दिसत नाही, कारण हे दुसऱ्यांची मापं तपासतात." मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "संमेलनात तुम्ही बोलणार आहात की मी बोलू?"

काटासाहेब बोलले.

सभागृह खचाखच भरलं होतं. प्रत्येक आईबापाबरोबर एकेक असामान्य मूल होतं. बरीचशी मांडीवर होती आणि त्यामुळे मागच्यांना मंच दिसत नव्हता. काटासाहेबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. मंचावर शेजारी बिट्टी उभी होती.

"माझी मुलगी सात वर्षांची आहे," ते म्हणाले. "ती हुशार आहे, पण सात वर्षांची मुलं जेवढी असतात तेवढीच. मी मत्स्यालयाच्या खिडकीवर खोटं बोललो. तिकिटाचे पैसे वाचावेत म्हणून. बाकी काही नाही."

कुठेतरी एका दोन वर्षांच्या बाळाने घोगऱ्या आवाजात "च्यायला" म्हटलं.

मग सभागृह उसळलं. "लाज नाही वाटत?" "स्वतःच्या मुलीचं वय खाल्लं!" "आणि हा म्हणे लोकांची मापं तपासतो!" समोरच्या रांगेत एक बाई मुलाचे कान झाकून ओरडत होती, "असले संस्कार आमच्या मुलांसमोर नकोत!" मुलगा तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, त्यामुळे कान झाकायला तिला टाचा उचलाव्या लागल्या.

मंडळाच्या अध्यक्षांनी हात वर करून सर्वांना शांत केलं. ते न्यायी गृहस्थ होते. त्यांनी जागच्या जागी निर्णय दिला. मुलीचा दोष नाही, सबब तिला तिचं वय तात्काळ परत करावं आणि ती होती त्या वर्गात तिला बसवावं. वडिलांची त्यांच्या खात्याकडून चौकशी व्हावी.

बिट्टीने अध्यक्षांना विचारलं, "पूर्ण सात ना?"

"पूर्ण सात."

वळून तिने वडिलांच्या हातात हात घातला. कडेवर घे म्हणाली नाही. नोकरी राहते की जाते हे काटासाहेबांना कळत नव्हतं. पण कितीतरी महिन्यांनी त्यांची पाठ सरळ झाली होती.

"आता," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "हा प्रकार एका माणसापुरताच आहे, याची समाजाला खात्री पटायला हवी. ज्यांनी आपल्या मुलाचं वय आयुष्यात एकदाही कमी सांगितलेलं नाही, त्यांनी कृपया हात वर करावेत."

एका क्षणात अख्खं सभागृह हातांनी भरून गेलं. सगळ्यांच्या आधी अध्यक्षांचा हात वर होता.

"बाबा," मंचावरून खाली बघत बिट्टी कुजबुजली, "मोठी माणसं समोर बघतायत. पण सगळी मुलं त्यांच्या वर गेलेल्या हातांकडे का बघतायत?"

आणि वाचकहो, तुमचाही हात वर गेलाच असेल. राहू द्या, खाली घेऊ नका. फक्त शेजारी तुमचं मूल बसलेलं नाही ना, तेवढं एकदा बघून घ्या.