जलतरंगवाले संगप्पा

बोरीचे संगप्पा एसटीत नेहमी दोन तिकिटं काढायचे. एक स्वतःचं, एक पत्र्याच्या पेटीचं. पेटीत भुशात बसवलेले चिनी मातीचे वाडगे असत. त्यांत कमीजास्त पाणी भरून काड्यांनी वाजवायचं वाद्य म्हणजे जलतरंग, आणि आमच्या भागात ते वाजवणारे एकटे अप्पाच.

"अप्पा, पेटीचं हाफ फाडू का?" कंडक्टर चिडवायचा.

"माझ्याहून थोरली हाय ती. फुल फाडा."

गर्दी झाली की पेटी खिडकीशी बसायची आणि अप्पा दांडी धरून उभे.

मी गावात शिक्षक, अप्पांचा शेजारी. मी दिलरुबा वाजवायचो. सारंगीसारखं गजानं वाजवायचं हे तंतुवाद्यही इथं कुणी पाहिलेलं नव्हतं. अप्पांना ते कळलं तेव्हा आपलं किराणा दुकान उघडंच टाकून ते धावत आले. "लय बरं झालं गुरुजी! आता लोक दोघांना हसतील."

तेव्हापासून त्यांचे सल्ले सुरू झाले. "वाजवायच्या आधी यजमानाकडं जेवायचं न्हाई. पुरणपोळी हाताला जड जाती." "कुणी नावं ठिवली तर त्याच दिवशी जवाब द्यायचा न्हाई. रातभर ठिवायचं. गाळ खाली बसला की वरचं तेवढं घ्यायचं." "आन निघायच्या आधी परतीच्या गाडीचं इचारून ठिवायचं." विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या त्या दिवसांत हा सल्ला फार कामाचा होता. सकाळी धावणारी एसटी दुपारी बंद झालेली असे.

ताडकळसला बाजाराच्या दिवशी माझा पहिला कार्यक्रम अप्पांनीच जमवला. मी वाजवायला लागलो न लागलो तोच मागून कुणीतरी ओरडलं, "गुरुजी, मांजराची शेपूट सोडा की!" मंडप खदखदून हसला. माझा गज थांबला. शेजारून अप्पा पुटपुटले, "मांजर अजून जितं हाय. वाजवा."

मी कसंबसं उरकलं. मग अप्पा बसले. वाडगे मांडले जाताच पुन्हा तोच आवाज, "अप्पा, चा कवा मिळणार?"

"साखर आणायला माणूस गेलाय. तवर हे ऐका!"

लोक हसले, मग गप्प झाले, मग वाहवा करू लागले. अप्पांना हार पडला. परतताना एसटीत मी म्हणालो, "छान झालं, अप्पा."

"तुमी बी छानच म्हणा," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. येलदरीचं धरण भरल्याच्या गप्पा मागच्या बाकावर रंगल्या होत्या, पण त्यांनी तोंड घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आपण दिलरुबा सोडला, एवढंच सांगून यायचं होतं. अप्पा एकटेच वाजवत बसले होते. ऐकता ऐकता काहीतरी खुपायला लागलं आणि कालच्या चिडीत माझ्या तोंडून गेलंच, "अप्पा, पंचम उतरलाय."

काड्या थांबल्या. मी जीभ चावली. अप्पांनी वर पाहिलं, तर त्यांचे डोळे भरलेले.

"परत म्हणा."

"पंचम उतरलाय."

"आमची मंडळी असंच म्हणायची. चुलीपुढून. भाकरी थापता थापता." त्यांच्या पत्नीला मी पाहिलं नव्हतं. मी गावात येण्याआधीच त्या गेल्या होत्या. "लय राग यायचा मला. भांडायचो बी. ती गेल्यापासून समदे नुस्ती तारीफ करायलेत, गुरुजी. मी मुद्दाम पंचमाच्या वाडग्यात पाणी जास्त घालून सूर उतरवून बसतो, कुणी बोलंल म्हणून. कालबी घातलं होतं. तर हार घातला की त्यांनी!"

अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, चमच्यानं वाडग्यातलं पाणी काढलं आणि काडी मारली. सूर नेमका लागला.

"आता?"

"अजून किंचित उतरलाय," मी खोटंच म्हणालो.

अप्पा हसले. "न्हाई. आता बराबर हाय." मी उठून दाराशी आलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "गुरुजी, उद्या दिलरुबा घिऊन या. तुमची खोट बी कुणीतरी काढाया पायजे."