बेशुद्ध माणसाचा डबा

दर दोन वर्षांनी येणाऱ्या उजळणी-प्रशिक्षणाला बाकीचे ड्रायव्हर दाढ काढायला निघाल्यासारखं तोंड करून यायचे. लो चिन-शुई मात्र नवा शर्ट घालून यायचा. काओशुंगच्या कारखान्यातून आम्लाचा टँकर भरायचा, उत्तरेला रिकामा करायचा आणि परत फिरायचं, हे त्याचं काम. केबिनमध्ये दुसरं माणूस बसवायला नियमानेच बंदी, आणि गाडीवरची धोक्याची पाटी बघून रस्त्यावरचा नूडलवालासुद्धा म्हणायचा, "दादा, जरा तिकडे लांब लावा." बायको मुलीच्या बाळंतपणासाठी सिंचूला गेली, ती नातू शाळेत जायला लागला तरी तिकडेच होती. घरी आवाज काय तो टीव्हीचा. त्यामुळे तीस माणसं दिवसभर एका खोलीत बसणार आणि दुपारी मांडीला मांडी लावून जेवणार, हा शुईचा सण होता.

सकाळचा वर्ग झाला आणि प्रशिक्षक क्वोबाईंनी सगळ्यांना आवारात नेलं. तिथे एक भंगार टँकर उभा होता, त्याच्याखाली सुक्या बर्फाच्या बादल्यांतून पांढरा धूर निघत होता.

"आम्ल गळतंय असं समजा. जखमी कोण होणार?"

जमीन ओली होती. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. शेजारी उभा असलेला कंग-हाओ म्हणाला, "शुईदादा, तुम्ही व्हा ना. तुमच्याइतकं कोणाला जमणार?"

इतकं प्रेमाने कोणी काही मागितल्याला जमाना झाला होता. शुई नव्या शर्टासकट आडवा झाला.

"तुम्ही बेशुद्ध आहात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला बाहेर काढेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. उठलात तर नापास."

ड्रायव्हरांनी काम चोख केलं. वाऱ्याची दिशा पाहिली, लांब उभे राहिले, भोवती पिवळी पट्टी बांधली. पट्टीच्या आत खास पोशाखाशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. पोशाख आणणारी गाडी नेमकी रस्त्यात अडकली होती. बाई फोन करायला आत गेल्या, आणि तेवढ्यात डबेवाल्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजला.

आवार रिकामं झालं. शुईला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग असणार. तळलेल्या बरगड्यांचा वास आला, हसण्याचे आवाज आले, पोटात कावळे ओरडू लागले. आता कोणीतरी म्हणेल, अरे, शुईदादा कुठाय? तो कान देऊन पडून राहिला. कोणी म्हणालं नाही. त्याला फार वाईट वाटलं, पण बेशुद्ध माणसाला सुस्काराही टाकता येत नव्हता.

आत कंग-हाओ म्हणत होता, "एक डबा जास्त आलाय की."

"दुकानदार चुकला असेल. खाऊन टाक."

त्याने खाऊन टाकला.

शेजारच्या उड्डाणपुलावरून स्कूटरवर चाललेल्या एका बाईला धुरातला टँकर आणि त्याच्या कडेला निपचित पडलेला माणूस दिसला. तिने फोन केला, आणि अग्निशमन दलाच्या तीन गाड्या बोंबलत आवारात शिरल्या. भोंगा ऐकून ड्रायव्हरांना वाटलं, शेजारच्या कारखान्यात खरंच काहीतरी फुटलं. सकाळचा धडा ताजाच होता. हातातल्या जेवणाच्या काड्यांसकट सगळे रस्त्यापलीकडच्या शेतात, वाऱ्याची बाजू बघून, शिस्तीत पळाले.

"आत कोणी राहिलंय का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"कोणी नाही," कंग-हाओ छातीठोकपणे म्हणाला. "तीस माणसं, तीस डबे. सगळे डबे संपले. मी स्वतः..." आणि तो थांबला. "त्यातले दोन मी खाल्ले."

तोवर पोशाखातल्या चार जवानांनी शुईला गाठलं होतं. त्याच्यावर पाण्याचा फवारा मारला, मग त्याला अलगद उचललं. एका पोरसवदा जवानाने त्याचं डोकं हातावर घेतलं. "काका, ऐकू येतंय का?"

शुईने एक डोळा किलकिला केला आणि हळूच सांगितलं, "मी बेशुद्ध आहे."

"बरं, बरं. कुठे दुखतंय काका?"

हा प्रश्न शुईला किती वर्षांत कोणी विचारला नव्हता. कुठे दुखतंय ते सांगायला बसलो तर यांची ड्यूटी संपून जाईल, असं त्याच्या मनात आलं. चेहरा फवाऱ्याने भिजलेलाच होता, ते बरं झालं.

खरा प्रकार कळल्यावर अधिकारी बाईंना बोलला, आणि बाईंनी ते सव्याज ड्रायव्हरांना दिलं. "माणूस मोजायचा सोडून डबे मोजता? सगळे नापास. पुढच्या शनिवारी पुन्हा दिवसभर यायचं. पास फक्त शुईदादा. सांगितलं तेवढं फक्त त्यांनी केलं."

एकोणतीस जण एका सुरात कुरकुरले. शनिवारी कोणाच्या गाडीतून यायचं, कोणी काय खायला आणायचं, हे तिथेच ठरू लागलं. कंग-हाओ जाता जाता म्हणाला, "तुमची मजा आहे, दादा. सुटलात."

शुई ब्लँकेट गुंडाळून बाजूला उभा होता. मग तो बाईंकडे गेला. "बाई, शनिवारी मीपण येऊ?"

"अहो, तुम्ही पास झालात. पास झालेल्याला वर्गात बसता येत नाही. आता दोन वर्षांनी भेटू."

"पण जखमी तर लागेलच ना?"

"दोन-दोन तास ओल्या जमिनीवर पडायचं, शुईदादा. कोणी एक शब्द बोलणार नाही तुमच्याशी."

"त्याची सवय आहे," शुई म्हणाला. "पण शेवटी उचलायला तरी येतात."