एकवीस इंच आणि एक क्रेट द्राक्षं

धनराजला चाकं एकवीस इंचीच हवी होती. चार सेकंदांत शंभरचा वेग धरणारी विजेची गाडी घ्यायची आणि खाली एकोणीस इंची चाकं लावायची, म्हणजे डोक्याला फेटा अन् खाली बर्मुडा, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

नाशिकच्या शोरूममधल्या पल्लवीने प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, एकोणीसचा टायर जाड. खड्डे सोसतो, शिवाय एका चार्जिंगमध्ये तीस-चाळीस किलोमीटर जास्त."

"आणि एकवीस?"

"दिसतात भारी."

"ऐकलंस? भारी!" धनराज बायकोकडे वळला.

ललिताने वाकून टायर दाबून पाहिला. पिंपळगावच्या त्यांच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये माल पास की नापास, हे तीच ठरवायची. "अहो, हे रबर हाय का पापड? उद्या द्राक्षालाच विचारू."

नवा टेम्पो कामाला लावण्याआधी त्यात द्राक्षाचा क्रेट ठेवून चक्कर मारायची आणि गळलेले मणी मोजायचे, ही पॅकहाऊसची जुनी रीत. दुसऱ्या दिवशी ललिता दोन क्रेट घेऊनच शोरूममध्ये हजर झाली. ज्या चाकांवर मणी कमी गळतील, ती चाकं पास. धनराज लगेच कबूल झाला. जरा जास्तच लगेच.

पहिली फेरी एकोणीसवर, आडगावपर्यंत आणि परत. धनराजने एक खड्डा सोडला नाही.

"सर, तो स्पीडब्रेकर होता," शेजारी बसलेली पल्लवी दाराचं हँडल धरून म्हणाली.

"होता का?"

वीस मिनिटांत परत. गळलेले मणी त्रेसष्ट.

दुसरी फेरी एकवीसवर. आता धनराज बाळंतिणीला घरी नेल्यासारखा निघाला. वेग ताशी वीस. स्कूटर गेल्या, टेम्पो गेले, शेवटी कांद्याने भरलेला ट्रॅक्टरही शेजारी आला. वर त्यांच्या गल्लीतलाच खंडेराव.

"धनराजशेठ, चार्जिंग संपलं का? टोचन लावू?"

"नाय, नाय! मजेत चाललोय!"

"लाजू नका हो. नव्या गाडीचं होतंच असं!" असं म्हणून खंडेराव शेजारधर्माने पुढे पुढे, मागे वळून बघत, थेट शोरूमपर्यंत सोबत आला.

ललिताने क्रेट उपसला. एकही मणी गळलेला नव्हता. तिने घड्याळाकडे पाहिलं, दारात थांबलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे.

"पास! एकवीसच घ्या."

धनराजला इतक्या सोप्या विजयाची सवय नव्हती. "खरंच?"

"मग! टेम्पोत रोज मणी गळतात. गाडी आली की निर्यातीचं सॅम्पल नाशिकच्या लॅबला तुम्हीच न्यायचं. ह्याच गाडीतून. पोचल्यावर मणी मोजून मला फोन करायला सांगते तिथल्या मॅडमना."

आता द्राक्षाच्या हंगामात रोज सकाळी महामार्गाच्या डाव्या कडेने ती गाडी जाते. चाकं एकवीस इंची, वेग ताशी वीस. खंडेराव कांदा घेऊन निघाला की आरशात तिला शोधतो. टोचनाचा दोर तर त्याने ट्रॅक्टरच्या मागे कायमचाच बांधून ठेवला आहे.